‘आईनं ऑपरेशन रद्द केलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय, ‘कंबरेत स्क्रू बसवण्यावरचा तुमचा लेख वाचून आईनं मिरजेत ठरलेलं कंबरेचं ऑपरेशन रद्द केलं. तुम्ही फिजिओथेरपिस्ट, सर्जन नव्हे. माझ्या मामांना आठ वर्षांपूर्वी स्क्रू बसवले, आज ते स्वतः ऊस लावतात.’ तुमचा राग रास्त आहे. पण मी थांबले ती तुमच्या शेवटच्या ओळीवर, जिथं तुम्ही आईचं दुखणं सांगता: खानापूरच्या बाजारात थोडं चाललं की आईचे दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात आणि कट्ट्यावर पुढं वाकून बसलं की बरं वाटतं.

दादा, माझा लेख या दुखण्यावर नव्हता. तो होता नुसत्या कंबरदुखीवर, म्हणजे पायांची तक्रार नाही, नस दबलेली नाही, एमआरआयमध्ये फक्त ‘गादी झिजली’ असा शेरा. हा फरक मी पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवा होता. उलट ‘कंबरेत स्क्रू नकोच’ असं सरसकट शीर्षक दिलं. चूक माझी आहे. शीर्षक आजच बदललंय, आईंची मी मनापासून माफी मागते.

नुसत्या कंबरदुखीबाबत मात्र मी ठाम आहे. स्वीडनमध्ये २९४ रुग्णांवर झालेला अभ्यास २००१ साली आला. दोन वर्षांनी ऑपरेशननं मणके एकमेकांना जोडलेल्यांपैकी (स्क्रू बसवतात ते यासाठीच) ६३ टक्के लोक म्हणाले, बरं वाटतंय. बिगर-ऑपरेशनवाल्यांत २९ टक्के. स्क्रूच्या बाजूनं हाच आकडा सांगितला जातो. पण त्या दुसऱ्या गटाला साधीच, बहुतेकांनी आधी करून पाहिलेली फिजिओथेरपी मिळाली होती. २००५ साली ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांत जोडणीची तुलना नेटानं करून घेतलेल्या व्यायामाशी आणि मनातली भीती घालवण्याशी केली, तेव्हा फरक अगदी थोडा उरला. अशाच अभ्यासांतल्या रुग्णांना सरासरी ११ वर्षांनी पुन्हा तपासलं, तर दोन्ही गट सारखेच निघाले. त्यात जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या सांध्यावर ताण वाढतो. एका अमेरिकी पाहणीचा अंदाज असा की १० वर्षांत साधारण ३६ टक्क्यांना शेजारच्या मणक्यांसाठी पुन्हा टेबलावर जावं लागतं. सगळीकडे आकडा एवढा मोठा येत नाही, पण चाळिशीतल्या ऊसतोड बाईला हे आधी कळायलाच हवं.

आता आई. चालल्यावर पाय भरणं आणि वाकल्यावर मोकळं होणं म्हणजे बहुधा कंबरेच्या मणक्यांतून पायांकडे जाणाऱ्या नसांची वाट अरुंद झालीय. तपासून खात्री सर्जनच करतील. यात ऑपरेशननं खरोखर गुण येतो. प्रश्न एवढाच की फक्त नस मोकळी करायची, की मणके जोडायचेही? २०१६ साली स्वीडनच्या २४७ रुग्णांत जोडणीचा जादा फायदा दिसला नाही, मणका सरकलेल्यांतसुद्धा नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात सरकलेला मणका जोडलेल्यांना थोडं जास्त बरं वाटलं आणि पुन्हा ऑपरेशनही कमी लागलं, १४ टक्के विरुद्ध ३४. तुमच्या मामांचा मणका सरकलेला असेल, तर त्यांचा अनुभव यात चपखल बसतो.

म्हणून आईंना घेऊन सर्जनकडे परत जा. उभं राहून, पुढं वाकून आणि मागं झुकून काढलेले एक्स-रे झालेत का ते विचारा. एमआरआय झोपवून काढतात, त्यात मणक्याची हालचाल सुटू शकते. मणका हलत नसेल तर जोडणी कशासाठी, हे स्पष्ट विचारा. आईंना मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, नाहीतर जखम चिघळायची भीती वाढते. आणि आई मिश्री, म्हणजे तंबाखूची भाजलेली पूड, दातांना लावत असतील तर तीही सोडायला सांगा! मी निपाणीची, तंबाखूच्या गावातली, म्हणून हे जरा जोरानंच सांगते. स्क्रू नुसते धरून ठेवतात, जोड हाडालाच धरावा लागतो आणि त्याला महिने लागतात. तंबाखूतल्या निकोटिननं हाडाचा रक्तपुरवठा घटतो. जोडणी ठरली तर मिश्री आधीच सुटायला हवी.

आमच्या कर्नाटक सीमेवरच्या भागातल्या कितीतरी बायका इंग्रजी किंवा कन्नड संमतीपत्रावर न वाचता सही करतात. तुम्ही तसं करू नका. प्रत्येक ओळ मराठीत सांगायला लावा. डॉक्टर नक्की सांगतील.

घाई नाही, विचाराला वेळ आहे. पण पाऊल लुळं पडलं, लघवी अडकली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी काढा.