दूधवाल्याचे कॅन आणि आपल्या सॅडलबॅगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाईकच्या मागे दोन्ही बाजूंना टांगायच्या सामानाच्या बॅगांमध्ये, म्हणजे सॅडलबॅगांमध्ये, "एका बाजूला 10 किलोच्या वर नको" असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, की तुमच्या वडिलांनी राजदूतवर दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लावून पंधरा वर्षं दुधाचा रतीब घातला, गाडीला काही झालं नाही, आणि मी उगाच लोकांना घाबरवतोय. उदाहरण खरं आहे, म्हणूनच उत्तर जरा लांबतंय.

चाळीस लिटर दूध म्हणजे साधारण 41 किलो. दोन कॅनचं 82, कॅनचं वजन वेगळं. पण ते कशावर टांगलेले असायचे ते आठवा. गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेला जाड लोखंडी स्टँड, थेट चेसीला आवळलेला. मागे कुणी बसत नाही, त्यामुळे कॅन पुढे, सीटला चिकटून बसतात. शिवाय रस्ता रोजचा, वेग बेताचा. आपल्या बॅगा मात्र मागे बसणाऱ्याच्या पायांना जागा हवी म्हणून मागच्या चाकाच्या आसापलीकडे ढकलल्या जातात, आणि खरी गोम तिथेच आहे. दोन्ही बॅगांत मिळून 40 किलो, आसाच्या 30 सेंटीमीटर मागे, दोन चाकांत अंतर दीड मीटर. एवढ्याने पुढच्या चाकावरचा 8 किलो भार कमी होतो. मागे माणूस असेल आणि चढ असेल तर आणखी. वरंध घाटात एका डाव्या वळणावर माझं हँडल असं हलकं पडलं, की बाईक वळायची सोडून सरळ उजवीकडच्या लेनमध्ये गेली. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच. मागे बायको होती.

त्या ट्रिपनंतर गाडी धुताना रॅकच्या वरच्या बोल्टपाशी, वेल्डिंगच्या कडेला, केसाएवढी तांबूस रेघ दिसली. आधी वाटलं चिखल आहे. नखाने खरवडली तर रंग सुटला आणि खाली सबफ्रेमला, म्हणजे मागची सीट आणि रॅक पेलणाऱ्या चौकटीला, तडा. बॅगा मात्र शाबूत होत्या, एक शिवणही उसवली नव्हती. म्हणून बॅग किती पेलते यावर माझा भरवसा नाही.

आता गाडीचं बघा. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 चं स्वतःचं वजन 196 किलो, कंपनीने दिलेली एकूण मर्यादा 394. उरले 198. जॅकेट-बूटांसह चालवणारा 90, मागचा 68, राहिले 40. लोखंडी रॅक आणि ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या रिकाम्याच 15 किलोच्या घरात जातात. म्हणजे सामानाला 25, आणि टँकबॅग, पाण्याच्या बाटल्या, पेट्रोलचा कॅन सगळं त्यातच.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. 10 हा आकडा मी सरसकट लिहायला नको होता. एकटे जात असाल, रॅक भक्कम असेल आणि रॅकवाल्याने जास्त वजनाला परवानगी दिली असेल, तर थोडं जास्त चालेल. मागचा शॉकअप कडक करून आणि मॅन्युअलमध्ये लोडसाठी दिलीये तेवढी हवा भरून. लेखात ही दुरुस्ती आजच केली आहे. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं, हे मात्र तसंच ठेवलंय. निघण्याआधी प्रत्येक बॅग हातकाट्याला लावून बघा, अंदाज नेहमी कमीच निघतो.

वडिलांच्या त्या स्टँडचा फोटो असेल तर जरूर पाठवा. त्याचा खालचा पाईप चेसीला नेमका कुठे आवळला होता, ते मला बघायचंय.