पेप्सी, बॅटमॅन आणि डालड्याचा डबा

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळतात आणि फेसाचा ग्लास हातात देतात. ते पोटात गेलं की आमच्यात वाद निघालाच म्हणून समजा. परवा निमित्त झालं बापूच्या मोबाइलमधल्या रोलेक्स घड्याळाच्या फोटोचं. काचेभोवतीची कडी अर्धी तांबडी, अर्धी निळी.

"ह्याला पेप्सी म्हणत्यात," बापू म्हणाला.

"कंपनीनं ठेवलंय व्हय नाव?" पैलवान.

"कंपनीचं नाव जीएमटी-मास्टर. १९५५ च्या सुमाराला पॅन अ‍ॅम विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी काढलेलं. तांबडा म्हंजे दिवस, निळा म्हंजे रात्र. पेप्सी केलं ते बघणाऱ्यांनी."

"बघणाऱ्यांनी न्हवं, दलालांनी. नाव चिकटलं की भाव चढतोय."

इथं वकील मध्ये पडला. (कोर्टाची पायरी तो एकदाच चढलाय, तीही साक्षीला.) "दलालाचा काय संबंध? नावाला नाव फुटतंय भावा. १९८३ ला तांबडी-काळी कडी आली, ती झाली कोक. पेप्सी आधी नसती तर कोक सुचलं असतं का? २०१३ ला निळी-काळी आली, बॅटमॅन. २०१९ ला तेच रंग ज्युबिली चेनवर आले, तर बॅटगर्ल! बॅटमॅनचं कागदावर नाव काय, तर ११६७१० बीएलएनआर. कट्ट्यावर असलं कोण बोलतंय?"

"मग पॉल न्यूमनचं सांग," पैलवान हटेना. "रोलेक्सच्याच डेटोना घड्याळाच्या त्या रंगीत तबकड्या दुकानात पडून हुत्या. नटाचं नाव लागलं, आणि २०१७ ला त्याचं सवताचं घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं."

हा मुद्दा बिनतोड होता, मीही मान हलवली. पण वकील कसला गप्प बसतोय! "न्यूमननं ते खरंच घातलेलं, बायकोनं दिलेलं. १९७१ चा रोलेक्सचा एक्सप्लोरर टू बघ, नारिंगी काट्याचा. त्याला स्टीव्ह मॅक्वीन म्हणत्यात. त्योबी नटच, पण घालायचा रोलेक्सचं दुसरं घड्याळ, सबमरीनर! हे त्यानं घातल्याचा पुरावाच न्हाई. तरी नाव गेलं का?"

सगळ्यांनी पैलवानाकडं बघितलं. तालमीच्या मातीला त्याचा पाय कधी लागलेला नाही.

"आमचं आज्याकडनं आलंय," तो पुटपुटला.

मला विचाराल तर नाव ठेवणाऱ्याच्या घरातनं येतं. सेइको कंपनीनं १९७५ ला समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांसाठी ६०० मीटर खोलीला टिकणारं घड्याळ काढलं. त्याला बाहेरनं गोल धातूचं कवच, म्हणून लोक त्याला टूना म्हणायला लागले, टूना माशाच्या डब्यावरनं. आमच्या पेठेत टूनाचा डबा कुणी उघडलाय? इथं त्याचा डालड्याचा डबाच झाला असता. बापू तर तेवढ्यात तांबडा-पांढरा नाव शोभेल असं घड्याळ हुडकायला लागला.

"तुझ्या हातात काय हाय?" पैलवानानं माझं मनगट ओढलं. वडिलांचं एचएमटी जनता, चावीचं. तबकडी पार पिवळसर पडलेली.

"ह्याला कंपनीनंच नाव दिलंय," मी म्हणालो.

"असूदे की. तापवलेल्या दुधागत दिसालंय. साय म्हणायचं ह्याला."

सगळे हसले, विषय फुटबॉलवर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कट्ट्यावर पोचलो, तर बापूनं लांबनंच हाळी दिली, "ओ, सायीत किती वाजलं?"