"ज्याला मारायचं तो कशानेही मारतो" हे खरं नाही

मागच्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. त्याच दिवशी तो मला आणखी तीन ठिकाणांहून आला, त्यात एक माझ्या मेव्हण्याचा. मजकूर साधारण असा: अमेरिकेतल्या शाळांमधले गोळीबार बंदुकीमुळे नव्हे, संस्कार नसल्यामुळे होतात. ज्याला मारायचं तो कशानेही मारतो, चीनमध्ये चाकूने मारतात. स्वित्झर्लंड, इस्रायलमध्ये घरोघरी बंदूक आहे, तिथे असं होत नाही. ऑस्ट्रेलियाने बंदुका जमा करून काय मिळवलं? आपल्याकडे कायदा कडक, म्हणून सज्जन रिकाम्या हाताने आणि गुंडाकडे कट्टा. शेवटी उपाय: मास्तरांना पिस्तूल द्या.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात बावीस वर्षं शिकवतोय. हा मेसेज पुढे ढकलणारे बहुतेक माझ्यासारखेच मास्तर आहेत, भली माणसं आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

सगळा डोलारा "ज्याला मारायचं तो कशानेही मारतो" या वाक्यावर उभा आहे, तेव्हा आधी तेच घेतो.

चार वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत आठवीतली दोन पोरं भांडली. कारण एवढंच, की खिचडीच्या रांगेत एकाने दुसऱ्याला ढकललं. एकाने कंपासपेटीतला करकटक काढला आणि समोरच्याच्या दंडात खुपसला. मी धावत गेलो तेव्हाचे त्या पोराचे डोळे मला अजून दिसतात. त्या घडीला त्याला समोरच्याला संपवायचंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जखमी पोराला दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दोन टाके पडले. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोघं एकाच कबड्डी संघात खेळत होते. राग जीव घेण्याइतकाच होता. हातात करकटक होता, म्हणून दोन टाक्यांवर भागलं.

आता चीनचं. १४ डिसेंबर २०१२ रोजी हेनान प्रांतातल्या चेनपेंग गावच्या प्राथमिक शाळेत एक माणूस चाकू घेऊन शिरला. वीसहून अधिक मुलं जखमी झाली, एकही दगावलं नाही. त्याच तारखेला अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत एक तरुण रायफल घेऊन शिरला. २० मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं गेली. मुलं सहा-सात वर्षांची होती. चाकूने मुलं मरत नाहीत असं मी म्हणत नाही, २०१० मध्ये चीनच्याच नानपिंगला ८ मुलं गेली. पण चाकूवाल्याला एकेका लेकरापर्यंत पोचावं लागतं. तेवढ्यात कुणी दार लावतं, कुणी बाक आडवा घालतं, कुणी मागून धरतं.

आणि हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं? "ज्याला मरायचंय तो कसाही मरतो" हे याच वाक्याचं जुळं भावंड, ते आपण प्रत्येक दुष्काळात ऐकलंय. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. माणसांचं दुःख काही त्या काळात संपलं नव्हतं, यादवी युद्ध तर २००९ पर्यंत चालू होतं. माझ्या चुलत्यांना एका नापिकीच्या वर्षी घोर लागला होता. काकूने त्यांना न सांगता फवारणीच्या औषधाचे डबे शेजाऱ्यांच्या कोठीत नेऊन ठेवले. एका रात्री चुलते उठले, गोठा, माळवद, कडब्याची गंज सगळं धुंडाळलं. सापडलं नाही, तर ओट्यावर येऊन बसले. पहाटे म्हशीची धार काढायची वेळ झाली, उठून धार काढली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. चुलते आहेत, नातवाला शाळेत सोडायला तेच येतात.

संस्काराचा मुद्दा मला मास्तर म्हणून जवळचा आहे. पण मे २०२३ मध्ये सर्बियात, बेलग्रेडच्या शाळेत, तेरा वर्षांच्या मुलाने ९ मुलं आणि शाळेचा रखवालदार मारला. पिस्तुलं वडिलांची होती, कायदेशीर होती. आपल्याकडेही तेच. २००७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गमित्रांनी गोळ्या घातल्या, २०१८ मध्ये हरियाणातल्याच यमुनानगरला बारावीतल्या मुलाने मुख्याध्यापिकेचा जीव घेतला. दोन्ही वेळा हत्यार वडिलांचं, परवान्याचं. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौलमध्ये पाच वर्षांच्या पोराने दप्तरातून पिस्तूल आणलं आणि तिसरीतल्या मुलाच्या हातात गोळी घातली. पाच वर्षांच्या लेकराचे कसले संस्कार काढायचे? पिस्तूल घरात त्याच्या हाताला लागेल असं होतं, एवढंच.

स्वित्झर्लंडमध्ये सैन्यसेवेतली रायफल घरी असते हे खरं. पण २००१ मध्ये झुग प्रांताच्या विधिमंडळात एकाने १४ जणांना मारलं, आणि २००७ नंतर घरी ठेवायला दिलेल्या लष्करी गोळ्या सरकारने परत घ्यायला सुरुवात केली. २०१९ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के लोकांनी आणखी कडक नियमांना कौल दिला. तिथे दर शंभर माणसांमागे साधारण २८ बंदुका आहेत, अमेरिकेत १२०. इस्रायलचं तर उदाहरण उलटंच पडतं. तिथल्या लष्कराने सैनिकांना सुट्टीवर रायफल घरी नेऊ देणं कमी केलं, आणि तरुण सैनिकांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या. पुन्हा काकूचीच गोष्ट.

ऑस्ट्रेलियाने काय मिळवलं? एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली. जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने बारा दिवसांत राज्यांना एका करारावर आणलं आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन जमा केल्या. त्यानंतर तिथे सामूहिक हत्या पार थांबल्या असं नाही, २०१८ मध्ये ऑस्मिंग्टनला एकाच कुटुंबातली माणसं गेली. पण आधीच्या दहा-पंधरा वर्षांत त्या एकामागून एक होत होत्या, नंतर विरळ झाल्या. १९९६ च्याच मार्चमध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन गावात १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. मारणाऱ्याची पिस्तुलं परवान्याची होती. ब्रिटनने १९९७ मध्ये खाजगी पिस्तुलांवर बंदी आणली. डनब्लेनसारखं तिथल्या कुठल्या शाळेत पुन्हा घडलेलं नाही.

"सज्जन रिकाम्या हाताने" हे वाक्य बीड जिल्ह्यात बसून लिहिलं जातं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून, मारहाण करून त्यांना मारलं. त्यानंतर कळलं की जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने होते. त्या बाराशेंनी त्या दिवशी कुणाला वाचवलं? कमरेला पिस्तूल लावून काढलेली रीलं आमची सातवीतली पोरं मोबाईलवर दाखवायची, हवेत बार काढणाऱ्याला "भाऊ" म्हणायची. पुढे प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, वयाच्या एकविशीनंतर मिळतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नावरातीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा आहे, पाळून घ्यायला हवा. गावठी कट्टे पकडायचे तर पोलिसांनी पकडावेत, त्यासाठी घरोघरी आणखी पिस्तुलं कशाला?

राहिलं मास्तरांना पिस्तूल देण्याचं. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावच्या शाळेत ३७६ हत्यारबंद अधिकारी जमले, तरी वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. २०१८ मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत नेमलेला सशस्त्र पोलीस बाहेरच थांबला, आत १७ जण मेले. जिथे प्रशिक्षित माणसांचे पाय थिजले, तिथे मी काय करणार?

माझ्या वर्गात ४१ लेकरं आहेत आणि एक लोखंडी कपाट. त्यात खडू, हजेरी, विज्ञानाची पेटी असते. कपाटाचं कुलूप दोन वर्षं झाली नीट बसत नाही, चावी मॉनिटरकडे असते. पिस्तूल दिलं तर ते ठेवायला हेच कपाट, नाहीतर माझी कंबर. आणि करकटक चालवणारा तो पोरगा पहिल्या बाकावर बसायचा, माझ्यापासून दोन हातांवर.