इओसिनोफिल वाढले म्हणून पंप लागू पडेलच असं नाय हो

वाडीच्या ग्रुपवर फिरतंय ते वाचलंत ना, "खोकला जात नसेल तर डॉक्टरकडे खेपा नकोत, सीबीसी करा, इओसिनोफिल वाढले तर स्टेरॉइडचा पंप घ्या, नसतील वाढले तर पंप फुकट." इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, आणि पंप म्हणजे तोंडाने ओढायचं औषध. मी रत्नागिरीत लॅबमध्ये असतो, या आठवड्यात तिघांनी मोबाइल पुढे धरून हीच टेस्ट मागितली.

आधी "वाढले" कशावरून म्हणायचं? लोक टक्के बघतात. एकाचे ७ टक्के, पण एकूण पांढऱ्या पेशीच ४,०००, म्हणजे इओसिनोफिल प्रत्यक्षात २८०. दुसऱ्याचे ४ टक्केच, पेशी १२,०००, म्हणजे झाले ४८०. घाबरतो मात्र पहिला!

बरं वाढले, तर पंपच कशाला? जंतांनीही वाढतात, ॲलर्जीनेही वाढतात. हत्तीरोगाच्या कृमींमुळे रात्री खोकल्याची उबळ येते त्यात आकडा ३,००० च्या वर जातो आणि त्याला कृमींवरच्या डीईसीच्या गोळ्या लागतात.

"नसतील तर फुकट" यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. श्वासनळीला इओसिनोफिलची सूज असेल तर स्टेरॉइड बरेचदा लागू पडतं. पण १९८९ मध्ये दमा नसलेल्या अशा खोकल्याचं वर्णन पहिल्यांदा झालं ते बेडक्यातल्या पेशी बघून, रक्तातल्या नाही, आणि रक्त नॉर्मल पण बेडक्यात भरपूर असंही होतं. शिवाय आधीच स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर रक्तातला आकडा खाली येतो मग रिपोर्ट "नॉर्मल". फुंकर मारून श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात त्या फेनो टेस्टचंही तेच, ५० च्या वर म्हणजे स्टेरॉइड लागू पडायची शक्यता, २५ च्या खाली म्हणजे कमी, पण विडी ओढणाऱ्याचा आकडा मुळातच खाली येतो. युरोपातल्या छातीच्या डॉक्टरांच्या २०२० च्या गाइडलाइनलासुद्धा जुनाट खोकल्यासाठी यातला कुठलाच आकडा पक्का धरता आला नाही.

आणि खेपा नकोत म्हणे! दोन आठवडे खोकला असेल तर टीबीसाठी बेडका तपासायचा असतो, ते सीबीसीत दिसत नाही.

आमची देवगडची आत्ये सहा महिने पंप ओढत होती, इओसिनोफिलचा काउंट ५२० होता म्हणून. शेवटी एका डॉक्टरने प्रेशरची गोळी कुठली ते विचारलं, एनालाप्रिल निघाली, ती बदलली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. काउंट परवा परत केला, ५१० आहे.