सभा म्हणे सकाळी अकराला!

काल वीस तारीख होती. जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची शेवटची तारीख, म्हणजे आमच्या दालमिलच्या ऑफिसात त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. आणि आदल्या रात्री पावणेदहाला ग्रुपवर मेसेज, उद्या सकाळी ११ वाजता शाळा व्यवस्थापन समितीची सभा, महिला सदस्यांनी चहा-नाश्त्याचे बघावे. पावणेदहाला! लेकीच्या शर्टाचं बटण लावत होते मी तेव्हा, सुई तशीच हातात राहिली.

शेठकडे हाफ डे मागितला, त्यांचं तोंड कसं झालं असेल ते फोनवरूनच कळलं. पहाटे साडेचारला उठून दोन किलो पोहे केले, डबे भरले, लेकीची वेणी घातली, सासूबाईंची गोळी काढून ठेवली आणि अकराच्या ठोक्याला शाळेत. अध्यक्ष आले सव्वाबाराला. कुठेतरी नारळ फोडायला गेले होते म्हणे. तोवर माझी जळगावची गाडी गेली, पुढची भुसावळच्या आउटर सिग्नलला अडकली, ऑफिसात पोचायला अडीच वाजले आणि मग रात्री आठपर्यंत तिथेच बसून काम केलं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत असं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि काम काय तर शाळेवर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे खर्च झालं ते बघायचं. पोहे करायला नाही घेतलेलं आम्हाला! मी विचारलं, मुलींच्या संडासाची कडी शाळा उघडल्यापासून तुटलेली आहे, माझी लेक मैत्रिणीला दाराबाहेर उभी करून जाते, तिसरीतली पोर आहे ती, त्याचं काय? तर अध्यक्ष म्हणे ताई ते पुढच्या सभेत घेऊ, तुम्ही इथे सही करा. रजिस्टर उघडून त्या जागेवर बोट ठेवलं. मागच्या दोन सभांचं इतिवृत्त कोरं, खाली फक्त आमच्या सह्या. नाही केली मी सही.

आमचे हे रेल्वेत, शिफ्ट ड्युटी. माणूस वाईट नाही पण प्रत्येक गोष्टीला एकच, तू सांग मी करतो. अहो सांगायचं म्हणजे आधी लक्षात ठेवायचं ना, दूध संपलं, लस राहिली, प्रोजेक्टला थर्माकोल पाहिजे, हे सगळं डोक्यात घेऊन फिरायचं ते मीच. सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत आलंय, घरच्या बिनपगारी कामात ते करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषाची ८८. वाचून दाखवलं तर म्हणे मी तर त्याहून जास्त करतो.

आता पुढे श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. माझी भक्ती आहे हो, रात्रभर जागरण करते मी, सोमवारी विसर्जनाला डोळ्यातून पाणी येतं माझ्या. पण आमच्या घरात रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे गहू घ्यायचे ते पुरुषांच्या नावाने, एकेकाची सव्वा मूठ, आणि ते निवडायचे, दळायचे, पुरण शिजवायचं ते आम्ही. शिवाय गल्लीच्या मंडळाने मला न विचारता यादीत नाव टाकलंय, प्रसाद आणि हळदीकुंकू माझ्याकडे. का, तर ताई नाही म्हणत नाहीत. मी नाही म्हणत नाही कारण नाही म्हटलं की लगेच सुरू होतं, नोकरी करते ना, फार मोठी झाली, पोरीकडे लक्ष नाही.

कडी मी काल येतानाच आणली असती, दुकान रस्त्यातच आहे. मुद्दाम नाही आणली. आणली असती तर दरवर्षी कडी बघायचं कामही माझ्याच नावावर पडलं असतं, आणि तिकडे पोर रोज दार धरून उभी आहे हे डोळ्यासमोरून जात नाही, रात्री झोप नाही लागली.

आज सकाळी ग्रुपवर टाकलंय, पुढची सभा रविवारी ठेवा, नाश्ता नको, पहिला विषय मुलींच्या संडासाची कडी. अकरा जणांनी वाचलंय. उत्तर एकाचंही नाही.