मुदत तुमची, सवड त्यांची

पीएच.डी.ला नोंदणी झाल्याबद्दल अभिनंदन. एव्हाना पेढे वाटून झाले असतील. कोल्हापुरात राहत असाल तर तालमीच्या पोरांनी चौकात फलकही लावला असेल, त्यात तुमचा फोटो पासपोर्ट साइझचा आणि शुभेच्छुकांचे फोटो पुरुषभर उंचीचे. होऊ द्या, हौसेला मोल नाही. फक्त एक पथ्य पाळा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नियमावलीची जी पीडीएफ पडलेली असते ती उतरवून घेऊ नका. घेतलीत तर वाचू नका. वाचलीत तर कुणाजवळ बोलू नका.

नियम वाचलेला विद्यार्थी कुठल्याच विभागाला पचत नाही. ज्याला कलमं पाठ आहेत त्याची फाइल ढिगात खाली जाते आणि ज्याला ‘दादा, जरा बघा की’ एवढंच म्हणता येतं त्याची वर येते. हा नियम कुठे छापलेला नाही, म्हणून तो काटेकोर पाळला जातो.

तरी तुम्ही वाचणारच, खोड वाईट. मग निदान काय वाचताय ते तरी समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नवे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ चे. त्यानुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. त्यात नाही जमलं तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना वर अजून दोन. कोर्सवर्कला किमान बारा क्रेडिट आणि त्यात ५५ टक्के. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून सादरीकरण. हे सगळं तुमच्यासाठी, आणि ते पक्कं आहे.

त्याच विनियमांत आणखी एक वाक्य आहे. प्रबंध सादर झाल्यापासून मौखिकीचा, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेचा, निकाल लागेपर्यंतची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत संपेल, अशी पद्धत संस्थेनं बसवावी. हेही पक्कंच आहे, पण पुढे काही नाही. सहा महिन्यांत नाही संपली तर काय, कुणाला लेट फी, कुणाची नोंदणी रद्द, कुणी कुणाला विलंबाचं कारण लेखी द्यायचं, यावर विनियम मौन पाळतात. तुमचं एक सत्र चुकलं की चलन निघतं, त्यांची दोन सत्रं उलटली की ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं उत्तर निघतं. शाहू महाराजांनी १९१७ साली याच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. शंभर वर्षांत आपण बरीच प्रगती केली. आता शिकायला येणाऱ्याला दंड असतो.

गाइड निवडताना विषय जुळतो का, हे बघत बसू नका. विषय काय, जुळवून घेता येतो. बघायची ती जन्मतारीख. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर सरांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, आणि राहिली असतील तर ती तुमच्या सहा वर्षांत कुठे संपतात याचा हिशेब आधी करा. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, अशी मर्यादा आहे. त्यामुळे ‘जागा नाही’ हे उत्तर खरं असतं. ती जागा कुणासाठी राखलेली असते हे विचारणं मात्र शिष्टाचारात बसत नाही.

आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्य तुमच्याकडून घेता येतं, असंही विनियमांत आहे. या तरतुदीचा अर्थ व्यापक लावायला शिका. सर बाहेरगावी असताना त्यांचे तास घेणं हे अध्यापन. परिषदेच्या पाहुण्यांना पहाटे रेल्वे स्टेशनवरून आणणं, बॅनरवरची शुद्धलेखनाची चूक रात्री अकराला राजारामपुरीत जाऊन दुरुस्त करून आणणं, सरांच्या लेकीचा सीईटीचा फॉर्म भरणं आणि फोटो ‘पन्नास केबीच्या आत’ बसवून देणं हे सगळं संशोधन साहाय्य. त्यातून एक फायदा असतोच. तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण सरांनी वाचलं नसलं तरी तुम्ही कामाचे आहात, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

सहामाही प्रगती अहवालाची चिंता नको. पहिल्या वर्षी लिहायचं, ‘संदर्भ साहित्याचा आढावा घेण्याचे काम सुरू आहे.’ मग दोन वर्षं, ‘माहिती संकलनाचे काम प्रगतिपथावर आहे.’ त्यानंतर कितीही वर्षं, ‘विश्लेषण अंतिम टप्प्यात आहे.’ समितीत कुणी हरकत घेत नाही, कारण समितीतल्या प्रत्येकानं आपापल्या काळी हेच लिहिलेलं असतं. चुकून एखाद्या सहामाहीत खरोखर काही सापडलं तर ते अहवालात घालू नका. मग प्रश्न येतात, प्रश्न आले की बैठक लांबते आणि चहा गार होतो.

आता कार्यालयाकडे वळू. तुम्ही अर्ज घेऊन खिडकीपाशी जाल. आतला माणूस मान वर न करता म्हणेल, ‘ठेवून जावा.’ तुम्ही शहरात शिकलेले, तुम्ही म्हणाल, ‘पोच मिळेल का?’ इथे तुम्ही फसलात. आता मान वर होते. चष्मा कपाळावर जातो. ‘पोच कशाला? आम्ही काय कागूद खातोय व्हय?’ मागच्या टेबलावरची मॅडम हसते, रांगेतले दोघं तुमच्याकडे बघतात. मग आवक-जावकची वही शोधली जाते. ती दुसऱ्या टेबलावर असते. त्या टेबलाचे साहेब जेवायला गेलेले असतात. साहेब येतात तेव्हा शिक्क्याचं पॅड सुकलेलं असतं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडतात, शिक्का उठतो पण तारीख उमटत नाही, ती ते निळ्या पेननं घालतात आणि चुकून कालची घालतात. ती खाडाखोड करून मागू नका, घडी घालून खिशात ठेवा. सबंध विद्यापीठात त्यांच्या हातून लवकर झालेलं तेवढं एकच काम आहे.

पोच न मागणं हे सर्वांत चांगलं. कागद हरवला तर तुम्ही दिलाच नव्हता, इतकंच ठरतं, आणि त्याला उपाय सोपा असतो. पुन्हा द्यायचा, विलंब शुल्कासह.

फेलोशिप असेल तर तुमचं दुखणं वेगळं. जेआरएफचे (कनिष्ठ फेलोशिप) दरमहा ३७ हजार आणि एसआरएफचे (वरिष्ठ) ४२ हजार, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. दरमहा हा शब्द तिथे सवयीनं आलेला आहे, त्याला फार धरून बसू नका. हजेरीचा दाखला विभागाकडून, तपासणी कार्यालयाकडून आणि पैसे वरून, या तिन्हींतला एक जण रजेवर असला की महिन्याचा तिमाही होतो. दुकानदार, मेसवाल्या मावशी आणि घरमालक यांना ही प्रशासकीय भाषा येत नाही, त्यांना तुम्ही समजावून सांगा. तुम्ही संशोधक आहात.

सारथी या राज्य सरकारच्या संस्थेच्या फेलोशिपच्या जागांवरून डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न निघाला होता, विचारणारे आमदार कोल्हापूरचेच. उत्तर देताना तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी ही पोरं पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. त्यावर राज्यभर गदारोळ झाला. मला तो अनाठायी वाटतो. कोल्हापुरात तरी या सवालाला उत्तर तयार आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात, तिथे हात कमीच पडतात. बेरोजगार डॉक्टरांना पहाटेची वेळही सोयीची.

वाङ्मयचौर्याला घाबरू नका. २०१८ च्या विनियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीसला सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठला वर्षभर थांबायचं, साठच्या वर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वपरिचित किंवा योगायोगाचं साम्य धरत नाहीत, म्हणून काही हुशार मंडळी तेराव्या शब्दानंतर एक ‘तथापि’ टाकतात. मराठी प्रबंधांत ‘तथापि’ इतके का असतात, हे तुम्हाला आता कळलं असेल.

पण या विनियमांतलं खरं रत्न वेगळंच आहे. साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायचे असतात. म्हणजे सबंध प्रबंधात मोजणीबाहेर सुटलेली जी थोडी पानं आहेत, त्यांत सरांचे आभार येतात. ‘ज्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय हे संशोधन पूर्ण होणे अशक्य होते’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या कुणी स्वतः लिहिलेलं नाही आणि त्याला कुठलंही सॉफ्टवेअर हात लावत नाही. कायदा करणाऱ्यांना विद्यापीठ कळत नाही, असं कोण म्हणतं?

शोधनिबंधाबद्दल थोडक्यात. तो प्रसिद्ध झालाच पाहिजे ही अट २०२२ च्या विनियमांतून गेली. ज्या यादीतल्या नियतकालिकांसाठी तुमचे सीनियर जीव टाकत होते, ती यूजीसी-केअरची यादीही आयोगानं २०२५ मध्ये गुंडाळली. हे सरांना सांगायला जाऊ नका. अट गेली तरी सरांच्या बढतीचा अर्ज गेलेला नसतो. निबंध लिहा, दोन नावं घाला, क्रम विचारून घ्या.

मुलींसाठी आयोग जरा जास्तच हळवा झालाय. संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा, आणि लग्नामुळे गाव बदललं तर संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभा. सासरी हे कलम वाचून दाखवा. ‘अजून संपलं नाही का गं तुझं ते?’ असं विचारणाऱ्या आत्याबाईंना विनियमाची प्रत काढून द्या, कलमाखाली लाल पेननं रेघ मारून.

आणि मग येते मौखिकी. इतकी वर्षं तुम्ही प्रबंधाची तयारी केलीत, ती विसरा. आता परीक्षकांची तयारी. बाहेरून येणारे परीक्षक तुमचा प्रबंध वाचायला येतात, हा गैरसमज आहे. वाचायचा तो त्यांनी घरीच वाचलेला असतो, किंवा नसतो. कोल्हापूरला ते अंबाबाईला येतात. तेव्हा आधी दर्शनाची सोय बघा, तीही अशी की रांग दिसणार नाही. दुसरं, खाणं. साहेब सामिष आहेत का, असतील तर वार कोणता, हे विभागातल्या शिपाईमामांना सरांपेक्षा जास्त माहीत असतं. तांबडा-पांढरा जमत असेल तर मौखिकी साडेअकराला ठेवावी म्हणजे भूक प्रश्नांना आवर घालते. श्रावणात मौखिकी आली तर तुमचं नशीब. आळूच्या भाजीवर कुणी ‘प्रबंध उत्तम आहे’ असा शेरा मारल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

तिसरं आणि मुख्य, चपलेचा नंबर. कोल्हापुरी चप्पल न घेता परीक्षक परत गेले तर ते कोल्हापूरला आले होते, याला पुरावा काय? नंबर थेट विचारता येत नाही. ते दर्शनाला आत जातील तेव्हा त्यांचे बूट बाहेर असतात, तळवा उलटा करून बघा. पुसट झाला असेल तर फोटो काढून शिवाजी मार्केटच्या दुकानदाराला पाठवा, तो अंदाजानं सांगतो आणि चुकत नाही. २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखीच चप्पल दाखवली आणि आधी तिचा उगम कुठे सांगितला नाही, तेव्हा कोल्हापूर भडकलं. चौर्याचं प्रमाण किती टक्के, हे तेव्हा कुणी काढलं नाही. जोडीला एक किलो गुळाची ढेप द्या. चप्पल आणि गूळ, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे अधिकृतच झालं.

प्रत्यक्ष मौखिकीत प्रश्न येतात. ‘तुमच्या संशोधनाचं समाजाला योगदान काय?’ हा येतोच. खुल्या मौखिकीत श्रोत्यांनाही प्रश्न विचारता येतात, म्हणून दोन प्रश्न आदल्या दिवशी मित्रांना लिहून द्या. एक अवघड वाटणारा आणि एक कौतुकाचा. मित्र अवघडवाला विसरतात, कौतुकाचा दोघंही विचारतात. चालतं. सर डोळे मिटून मान डोलावतात, टाळ्या होतात, कुणीतरी हारावरचा कागद काढायला विसरतं, आणि तुमच्या नावामागे डॉक्टर लागतं.

लागतं म्हणजे तोंडी. कागदावर लागायला नोटिफिकेशन निघावं लागतं, आणि त्यासाठी ग्रंथालय, वसतिगृह, लेखा विभाग यांचे ना-देय दाखले. वसतिगृहात कधीच राहिला नसाल तरी तिथलं काही देणं नाही, असा दाखला वसतिगृहाकडूनच आणायचा असतो. रेक्टर विचारतील, ‘खोली नंबर?’ काहीही सांगा.

एव्हाना जूनअखेर आलेली असेल आणि महाविद्यालयांच्या तासिका तत्त्वावरच्या जागांच्या जाहिराती निघालेल्या असतील. अर्जाची मुदत साधारण आठवड्याची असते आणि त्याला पदवीचं प्रमाणपत्र जोडायचं असतं. ते नसेल तर नोटिफिकेशनची प्रत चालते का, हे विचारायला विद्यापीठात फोन करा. साडेदहाच्या आत करू नका, कुणी आलेलं नसतं. साडेदहानंतरही करू नका, साहेब मीटिंगला गेलेले असतात.