पानशेतचा पूर कोणत्या तासाला शिकवायचा?

शिक्षकांच्या कट्ट्यावर वाद पेटला तो ‘एकात्मिक’, म्हणजे अनेक विषय एकत्र गुंफून, शिकवण्यावरून. वर्गात वीसच मुलं असलेली छोटी प्रयोगशील शाळा. आठवीला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि मराठी लेखन सहा आठवडे एकत्र घ्यायचं. आठवड्यातून दोनदा दीड तासाची जोडतासिका, म्हणजे बारा बैठका. विषय १२ जुलै १९६१चा, पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला पूर.

अण्णा भूगोलवाले. ते आधीच तापलेले. “एकात्मिक म्हटलं की भूगोलाच्या वाट्याला काय येतं? नदी निळी रंगवा. बाकी तास भाषेचा. पूर हा विषय झाला, पण मुलांनी शोधायचं काय?”

अण्णांचं इथं शंभर टक्के बरोबर आहे. ‘पाणी’, ‘आपलं शहर’ असले विषय पसरट असतात. त्यांवर मुलं माहिती गोळा करतात, तक्ते लावतात आणि थांबतात. एक प्रश्न लागतो, आणि तो कुठल्याही एका विषयाला एकट्याने सुटू नये.

ताईंनी प्रश्न आणला होता: पूर पावसाने आला की माणसांमुळे? “आता बघा अण्णा, तुमच्याशिवाय पान हलत नाही. पानशेत आंबी नदीवर, खाली मुठेवर खडकवासला. वरचं मातीचं धरण, काम अजून पुरतं संपलेलं नाही, तरी पाणी अडवलेलं. ते फुटल्यावर त्याच दिवशी खडकवासलाही का फुटलं, हे नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. जवानांनी आदल्या रात्री वाळूची पोती का रचली, हा इतिहास. चौकशी आयोग नेमतात म्हणजे काय, हे नागरिकशास्त्र. गोखलेनगर, सहकारनगर भागात पूरग्रस्तांच्या वसाहती का झाल्या, हे तिन्ही.”

बापूला ते पटेना. “आणि सनावळी? दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा ४० गुणांचा वेगळा पेपर, भूगोलाचा ४०चा वेगळा. एका पुरात सहा आठवडे घालवलेस तर बाकीचे धडे कधी?”

“आठवीचं इतिहासाचं पुस्तक महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपाशी संपतं. १ मे १९६०. पूर त्यानंतर सव्वा वर्षाने. म्हणून हा घटक शेवटच्या धड्याला जोडून घ्यायचा, मधे घुसवायचा नाही. सगळं वर्ष एकात्मिक करायचा हट्ट मी धरणार नाही.”

हे ताई बोलल्या ते बरं झालं. प्रत्येक धडा ओढूनताणून जोडला की कालक्रम खरोखरच विस्कटतो.

मग अण्णांनीच अडचण काढली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च, म्हणजे समान उंचीच्या, रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर. पाणी घाटावरून पेठेत किती चढलं, ते त्यावर दिसणारच नाही. तोडगाही त्यांचाच: “त्यासाठी गवंड्याची लेव्हलची नळी घ्या. दहा मीटर पारदर्शक नळी, आत रंगवलेलं पाणी. एक टोक पुराच्या खुणेशी, दुसरं खालच्या पायरीवर मोजपट्टीला लावून. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं. पट्टीवर दिसेल ती उंची. नळी पुरली नाही की टप्प्याटप्प्याने उतरायचं आणि बेरीज करायची. दोनच चुका होतात: नळीत हवेचा बुडबुडा राहतो, नाहीतर पोरगं एका टोकावर अंगठा दाबून धरतं. मग पातळी जुळतच नाही.” हे मोजमाप नदीकाठच्या ओंकारेश्वर मंदिराच्या बाजूने, डिसेंबर-जानेवारीत, पात्रात पाणी कमी असताना. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुटतो, तेव्हा नदीकाठी मुलं न्यायचीच नाहीत.

मुलाखतींवर फार खल झाला नाही. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज पंचाहत्तरीच्या आसपास. वहीत तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, नंतर कळलं. ‘तेव्हा तुम्ही नेमके कुठे होतात?’ हा प्रश्न पहिला. तो राहिला की तिन्ही रकाने एक होतात आणि गल्लीतली अफवा पुरावा म्हणून लेखात येते.

खरी खडाजंगी लेखनावरून. बापूचं म्हणणं, माहिती वर्गात आणि निबंध घरी. ताई ठाम: “घरी दिलास की ‘निसर्गापुढे माणूस हतबल’ असला निबंध येतो, तोही कोणीतरी सांगून लिहवलेला. बारापैकी पाच बैठका वर्गात लिहिण्याच्या. पहिला खर्डा तीनशे शब्दांचा, एक दावा आणि त्याला दोन पुरावे. दुसऱ्या बैठकीत जोडीदार वाचतो आणि फक्त ‘हे तुला कशावरून कळलं?’ एवढंच समासात लिहितो. मग पुन्हा लिहायचं.”

त्यांनी खर्ड्यातलं नेहमीचं वाक्य सांगितलं: ‘वाळूची पोती टाकण्यात आली व सूचना देण्यात आल्या.’ कोणी टाकली? कोणी दिल्या, कधी, कोणाला? जबाबदारीचा प्रश्न विचारणाऱ्या लेखात असं वाक्य चालत नाही. ‘जवानांनी पोती रचली’ असं लिहायला घेतलं की कर्ता शोधावा लागतो, आणि सूचनांचा कर्ता सापडत नाही तेव्हा मूल परत वर्तमानपत्रांच्या कात्रणांकडे जातं. माझ्या मते एकात्मिक शिकवण्याचा सगळा जीव इथे आहे. व्याकरण सुधारताना इतिहास तपासला जातो.

“तपासायचं कोणी?” बापू. वीस वह्या, दर वहीला आठ मिनिटं, एका खर्ड्याला १६० मिनिटं. एकट्या मराठीच्या बाईंवर टाकलं की त्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल रेघा मारत बसतात. ठरलं ते असं: पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाला हात नाही. दहा वह्या अण्णांकडे, दहा ताईंकडे, दुसऱ्या खर्ड्याला अदलाबदल. शुद्धलेखन शेवटच्या प्रतीवर.

अण्णांनी वह्या घ्यायचं कबूल केलं, पण वेळापत्रकात दोघांचा तास एकाच वेळी लागला तरच. बापूची हरकत कायम आहे: मुख्याध्यापक दोन शिक्षक एका वर्गावर सोडणार नाहीत. त्यावर ताईंनी सातवीचा तास ग्रंथालयात वळवायचा तोडगा सुचवला. ग्रंथपाल तयार आहेत का, ते सोमवारी कळेल.